आधी शिक्षा, मग चौकशी : क्रिकेटमधल्या शिस्तीची गोष्ट

ज्यांना ड्युटीवर इयरफोन लावता येत नाही त्यांच्यासाठी या भागाचं हे लेखी रूप. बोललो तसंच ठेवलंय, फक्त माझे "म्हणजे" आणि "ॲक्च्युअली" कमी केलेत.

सुरुवात आमच्या घुग्घुसपासूनच करतो. एका बाजूला कोळशाच्या खाणी, दुसऱ्या बाजूला सिमेंट आणि स्पंज आयर्नचे कारखाने. उन्हाळ्यात पारा पंचेचाळीसच्या वर, त्यामुळे टेनिस बॉलच्या स्पर्धा रात्री लाईट लावून होतात. शिफ्ट सुटली की माणसं घरी न जाता सरळ मैदानावर. मराठी, हिंदी, तेलुगू, तिन्ही भाषांत ओरडा चालू असतो.

तीन वर्षांपूर्वी मी घरूनच काम करत होतो. "तुला लॅपटॉप चालवता येते ना बे," एवढ्या पात्रतेवर मला अशाच एका स्पर्धेच्या कमिटीत घेतलं. सेमीफायनलला एका रनआऊटवरून राडा झाला. दोन्ही टीम पंचाभोवती गोळा झाल्या आणि पंच खाली पडला. अर्ध्या तासात चौदा सेकंदांचा एक व्हिडिओ सगळ्या ग्रुपवर फिरायला लागला. त्यात आमच्याच गल्लीतला एक फास्ट बॉलर पंचाच्या अंगावर जाताना दिसत होता. रात्री कमिटीच्या ग्रुपवर मेसेज पडला : "दोन वर्षं बंदी. सहमत?" धडाधड अंगठे आले. त्यातला एक माझा होता. दहा मिनिटांत विषय संपला. त्या पोराला कोणी एक फोनसुद्धा केला नाही.

आठवड्यानं दुसऱ्या कोणाच्या तरी मोबाईलमधला पूर्ण व्हिडिओ आला. गर्दीतून कोणीतरी त्याला मागून जोरात ढकललं होतं, आणि तो तोल जाऊन पंचावर आदळला होता. आम्ही बंदी मागे घेतली का? नाही. "आता मागे घेतली तर कमिटीची काय इज्जत राहील?" हे एक वाक्य सगळ्यांना पटलं. खोटं कशाला बोलू, मीही गप्प राहिलो.

तेव्हापासून एक प्रश्न डोक्यात होता. क्रिकेटमध्ये खेळाडूला शिक्षा नेमकी कोण देतं, आणि कशाच्या जोरावर? शोधत गेलो आणि थेट १९३६ सालात पोचलो. वाचलं तर काय, आमचाच व्हॉट्सॲप ग्रुप. फक्त तिथे राजे-महाराजे होते.

लॉर्ड्सवरून थेट घरी

लाला अमरनाथ हे नाव ऐकलं असेल. डिसेंबर १९३३ मध्ये बॉम्बे जिमखान्यावर इंग्लंडविरुद्ध पहिल्याच कसोटीत ११८ धावा काढणारा माणूस. भारताकडून कसोटीत शतक करणारा पहिला खेळाडू. १९३६ च्या इंग्लंड दौऱ्यावर तो संघाचा आधार होता. जूनपर्यंत त्याच्या ६१३ धावा आणि ३२ विकेट झाल्या होत्या.

कर्णधार होते विजयानगरमचे महाराजकुमार, ज्यांना सगळे 'विझी' म्हणायचे. कर्णधारपद खेळावर मिळालं नव्हतं, ते पैसा आणि ओळखींवर मिळालं होतं. आपल्या नागपूरला जन्मलेले सी. के. नायडू, १९३२ च्या भारताच्या पहिल्या कसोटीचे कर्णधार, याच संघात विझींच्या हाताखाली खेळत होते. म्हणजे ड्रेसिंग रूममधली हवा कशी असेल, अंदाज करा. आपल्याही गावात ज्याचे पैसे तो कॅप्टन असतोच की.

लॉर्ड्सवर मायनर काउंटीजविरुद्ध सामना होता. अमरनाथ पॅड बांधून बसला होता. विझींनी त्याला बसवून ठेवलं आणि एकामागून एक दुसरेच फलंदाज पाठवले. दिवसाचा खेळ संपायला थोडी मिनिटं उरली तेव्हा त्याचा नंबर लागला. परत आल्यावर त्यानं सामान बॅगेत आपटलं आणि पंजाबीत काहीतरी पुटपुटला. झालं. कर्णधार विझी आणि मॅनेजर मेजर ब्रिटन-जोन्स यांनी ठरवलं : बेशिस्त, घरी पाठवा. पहिली कसोटी तोंडावर असताना संघाचा सर्वात चालणारा खेळाडू बोटीत बसवून परत पाठवला गेला. ती कसोटी भारत नऊ विकेटनी हरला, मालिका २-० अशी गेली.

आता यातली खरी गडबड बघा. सामान आपटणं चूकच होतं. ते कोणी नाकारत नाही. पण तक्रार कोणाची? कर्णधाराची. निकाल कोणाचा? कर्णधार आणि त्याच्या मॅनेजरचा. अपील कुठे? कुठेच नाही. ज्याचं भांडण, तोच न्यायाधीश. आणि हा न्यायाधीश किती निष्पक्ष होता? याच दौऱ्यात मँचेस्टरला मुश्ताक अली आणि विजय मर्चंट सलामीला उतरले. मर्चंटना धावबाद कर, असं विझींनी आपल्याला सांगितलं होतं, हे मुश्ताक अलींनी नंतर सांगितलं. त्यांनी ते मर्चंटच्याच कानावर घातलं, दोघं हसले, आणि २०३ धावांची भागीदारी झाली. दोघांचीही शतकं.

इकडे भारतात ओरड झाली. शेवटी बोर्डानं चौकशी समिती नेमली. अध्यक्ष कोण, तर मुंबई हायकोर्टाचे मुख्य न्यायाधीश सर जॉन बोमंट. जानेवारी १९३७ मध्ये अहवाल आला. अमरनाथवरचा ठपका पुसला गेला. उलट विझींच्या कप्तानीवरच ताशेरे आले : क्षेत्ररचना कळत नाही, गोलंदाजी कधी बदलायची ते कळत नाही, फलंदाजीचा क्रम ठरलेला नाही.

निकाल बरोबर लागला, पण दौरा संपून गेल्यावर. अमरनाथच्या हातून गेलेल्या तीन कसोट्या कुठलाही अहवाल परत देऊ शकत नव्हता. त्यानंतर महायुद्ध आलं आणि भारताची पुढची कसोटी थेट १९४६ मध्ये झाली.

यातून बोर्ड शिकलं का? १९४९ मध्ये याच अमरनाथला बोर्डाचे अध्यक्ष अँथनी डिमेलो यांनी बेशिस्तीच्या नावाखाली पुन्हा निलंबित केलं. नंतर २३ आरोपांची यादी निघाली. या वेळी अमरनाथ गप्प बसला नाही, पत्रकारांसमोर लेखी उत्तर दिलं. प्रकरण शेवटी मिटलं, आणि १९५२ मध्ये त्याच्याच कप्तानीखाली भारतानं पाकिस्तानला हरवून आपली पहिली कसोटी मालिका जिंकली.

नियमच नाही, तर काय करणार?

दुसरी बाजूही बघू. कधी कधी खरंच चूक होते आणि पकडायला नियमच नसतो.

फेब्रुवारी १९८१, मेलबर्न. सुनील गावसकर ७० वर खेळत होते. लिलीच्या चेंडूवर पंच रेक्स व्हाइटहेड यांनी पायचीत दिलं. चेंडू बॅटला लागलाय असं गावसकरांचं म्हणणं. जाता जाता ते इतके भडकले की समोरच्या चेतन चौहानला घेऊन मैदानाबाहेर निघाले. सीमारेषेवर मॅनेजर विंग कमांडर शाहिद दुर्राणी उभे राहिले आणि त्यांनी चौहानला परत पाठवलं. दोघंही बाहेर गेले असते तर सामना हातचा जाऊ शकत होता. तो वाचला, आणि शेवटच्या दिवशी कपिल देवनं २८ धावांत ५ विकेट काढून ऑस्ट्रेलियाला ८३ वर गुंडाळलं. आपण ५९ धावांनी जिंकलो. आपलं ते वागणं चुकलं हे गावसकरांनी पुढे मान्य केलं.

तेव्हा आयसीसीची आचारसंहिता नव्हती, मॅच रेफरीही नव्हता. सगळं एका मॅनेजरच्या डोकं शांत ठेवण्यावर अवलंबून. प्रत्येक वेळी सीमारेषेवर असा माणूस उभा असेलच असं नाही.

नव्हताच. जानेवारी १९९१, जमशेदपूर, दुलीप करंडकाचा अंतिम सामना, उत्तर विभाग विरुद्ध पश्चिम विभाग. धावांचा डोंगर, सामना अनिर्णित होणार हे दिसत होतं. शेवटच्या दिवशी रशीद पटेल आणि रमण लांबा यांच्यात वाजलं, आणि पटेल स्टंप उपटून लांबाच्या मागे धावला. प्रेक्षकांतून दगड आले, खेळ तिथेच थांबला.

या वेळी बोर्डानं समिती बसवली. त्यात माधवराव शिंदे, मन्सूर अली खान पतौडी आणि राजसिंग डुंगरपूर होते. निकाल असा : पटेलवर १३ महिने बंदी, लांबावर १० महिने. मला यातली एक गोष्ट महत्त्वाची वाटते. स्टंप एकाच्या हातात होता, पण शिक्षा दोघांनाही झाली, आणि दोघांना वेगवेगळी. फक्त शेवटची चौदा सेकंदं बघितली असती तर लांबा सुटला असता.

त्याच वर्षी आयसीसीनं आचारसंहिता आणि मॅच रेफरी आणले. पहिला रेफरी कुठल्या कसोटीत उभा राहिला माहितीये? नोव्हेंबर १९९१, ब्रिस्बेन, ऑस्ट्रेलिया विरुद्ध भारत. इंग्लंडचे माइक स्मिथ. म्हणजे तक्रार करणारा पंच वेगळा आणि निकाल देणारा माणूस वेगळा. विझींच्या काळात हेच तर नव्हतं.

नियम ४२

आता आपल्यासारख्यांच्या कामाची गोष्ट. गावच्या स्पर्धेत रेफरी कुठून आणणार? १ ऑक्टोबर २०१७ पासून मेरिलेबोन क्रिकेट क्लबनं, म्हणजे जे क्रिकेटचे कायदे लिहितात त्यांनी, नियम ४२ पूर्ण बदलला. नाव : खेळाडूंचं वर्तन. त्याआधी पंच फक्त कर्णधाराला सांगू शकत होता आणि नंतर रिपोर्ट देऊ शकत होता. आता मैदानावरच चार पायऱ्या आहेत.

पहिली पायरी : निर्णयावर नाराजी दाखवणं, शिवीगाळ, उगाच सारखं अपील करणं. आधी संघाला एकच ताकीद, पुन्हा केलं तर समोरच्या संघाला ५ धावा.

दुसरी : पंचाच्या निर्णयाला मोठा विरोध, दुसऱ्या खेळाडूला मुद्दाम धक्का देणं, धोकादायक रीतीनं अंगावर चेंडू फेकणं. इथे ताकीद नाही, सरळ ५ धावा.

तिसरी : पंचाला धाकदपटशा, किंवा दुसऱ्या कोणाला मारण्याची धमकी. ५ धावा, शिवाय तो खेळाडू काही षटकं बाहेर. मर्यादित षटकांच्या सामन्यात डावाच्या एक पंचमांश. म्हणजे आपल्या दहा षटकांच्या मॅचमध्ये दोन षटकं.

चौथी : पंचाला मारण्याची धमकी, पंचाला मुद्दाम धक्का, कोणालाही मारहाण. ५ धावा आणि उरलेल्या सामन्यातून बाहेर.

यात 'मुद्दाम' हा शब्द नीट वाचा. मी वाचला तेव्हा खूप वेळ त्याच ओळीवर होतो. पंचाला नुसता धक्का लागला म्हणून चौथी पायरी होत नाही, तो मुद्दाम दिलेला असावा लागतो. आणि मुद्दाम होता की नव्हता हे विचारल्याशिवाय कसं कळणार? शिवाय हे एकट्यानं ठरवायचं नसतं. दोन्ही पंच आधी आपसात बोलतात, मग कर्णधाराला सांगतात, सामन्यानंतर लेखी रिपोर्ट देतात. पुढची बंदी वगैरे त्या रिपोर्टवर ठरते. रात्रीच्या अंगठ्यांवर ठरत नाही.

आणि कर्णधाराचं काम काय, तर सप्टेंबर २०२२, कोइम्बतूर आठवा. पुन्हा दुलीप करंडकाची फायनल. पश्चिम विभागाचा कर्णधार अजिंक्य रहाणे. त्याच सामन्यात २६५ धावा केलेला यशस्वी जयस्वाल समोरच्या फलंदाजाला सारखा बोलत होता. समज देऊनही थांबला नाही, तेव्हा रहाणेनं स्वतःच्याच खेळाडूला मैदानाबाहेर पाठवलं. काही षटकं संघ दहा जणांनी खेळला. थोड्या वेळानं जयस्वाल परत आला आणि पश्चिम विभाग २९४ धावांनी जिंकला. आधी समज, मग चुकीएवढी शिक्षा, मग विषय संपला. पोराचं करिअर तिथे संपलं नाही.

परत घुग्घुसला

माझ्या कामात सर्व्हर पडला की पहिला नियम असतो : आधी लॉग बघा, मग कोणाची चूक ते बोला. रोज हे करणाऱ्या मी त्या रात्री लॉग न बघता अंगठा दिला.

मागच्या दिवाळीत त्याच्या घरी गेलो. माफी मागितली. तो हसला, चहा दिला. म्हणाला, "तेव्हा विचारलं असतं ना, तं सांगितलं असतं बे." बस, एवढंच. बंदी कधीच संपलीय, पण तो आता खेळत नाही. म्हणतो, शिफ्ट जमत नाही. मी जास्त खोदलं नाही.

या उन्हाळ्यासाठी मी कमिटीला एक पान लिहून दिलंय. आरोप काय ते लेखी द्या. खेळाडूचं ऐका. दोन्ही पंचांना वेगवेगळं विचारा. ज्या टीमचा वाद आहे तिचा माणूस निकालाला बसवू नका. आणि चोवीस तासांच्या आत बंदी नाही. एका दादानं वाचून विचारलं, "एवढ्याशा टेनिस बॉलसाठी काऊन कोर्ट-कचेरी?" मी त्यांना अमरनाथची गोष्ट सांगितली. ते पान अजून मंजूर झालेलं नाही.

तुमच्या गावच्या स्पर्धेत असं कोणाचं झालंय का? नावं न घेता व्हॉइस मेसेज पाठवा. आणि तुम्हीही कमिटीत असाल, तर अंगठा देण्याआधी त्या पोराला एक फोन करा.

भेटू पुढच्या भागात.