एचआयव्हीसह जगणाऱ्या व्यक्तींमधील धूम्रपान

एचआयव्ही या विषाणूचा संसर्ग झालेल्या व्यक्तींमध्ये आढळणारे सिगारेट, विडी, चिलीम इत्यादींचे सेवन आणि त्यातून उद्भवणारे आजार हा आज एचआयव्ही-उपचारांतील एक प्रमुख प्रश्न मानला जातो. विषाणूची वाढ रोखणारी औषधे, म्हणजेच एआरटी, नियमित घेणाऱ्या रुग्णाच्या रक्तातील विषाणूंचे प्रमाण इतके खाली आणता येते, की ते नेहमीच्या चाचणीत मोजताही येत नाही. असा रुग्ण धूम्रपान करीत असेल, तर त्याच्या आयुष्याची वर्षे विषाणूपेक्षा तंबाखूच अधिक हिरावून घेतो, असे निरनिराळ्या देशांतील अभ्यासांतून पुढे आले आहे.

हा प्रश्न उशिरा लक्षात येण्यामागे रोगाचा इतिहास आहे. 1981 मध्ये अमेरिकेत एड्सच्या पहिल्या रुग्णांची नोंद झाल्यापासून पुढची सुमारे दीड दशके या रोगाचे निदान म्हणजे काही वर्षांत ओढवणारा मृत्यू असेच समीकरण होते. ज्याच्यापुढे वर्ष-दोन वर्षांचे आयुष्य उरले आहे, त्याला वीस वर्षांनी होऊ शकणाऱ्या कर्करोगाची भीती घालून त्याचा एकुलता विरंगुळा काढून घेणे डॉक्टरांना निष्ठुरपणाचे वाटे, आणि त्या काळापुरते ते चूकही नव्हते. 1996 च्या सुमारास तीन औषधांचा एकत्रित उपचार सुरू झाला आणि रुग्ण जगू लागले, त्यांचे वय वाढू लागले. परंतु उपचारकेंद्रांतील सवय मात्र तशीच राहिली. सीडी-4 या प्रतिकारक पेशींची संख्या आणि विषाणूभार प्रत्येक भेटीत तपासला जाई, रुग्ण दिवसाकाठी किती सिगारेटी ओढतो हे मात्र क्वचितच विचारले जाई.

या दुर्लक्षाची किंमत आकड्यांत मांडणारा अभ्यास डेन्मार्कमध्ये झाला आणि 2013 मध्ये प्रसिद्ध झाला. त्या देशात एचआयव्हीचे उपचार सर्वांना विनामूल्य मिळतात आणि रुग्णांची नोंद देशपातळीवर ठेवली जाते, त्यामुळे उपचार न मिळाल्याने होणारे मृत्यू तेथे कमी असतात आणि उरलेल्या कारणांचे चित्र स्वच्छ दिसते. संशोधकांनी एचआयव्हीसह जगणाऱ्या 2,921 व्यक्तींची तुलना सर्वसाधारण लोकसंख्येतील 10,642 व्यक्तींशी केली. त्यातून निघालेला निष्कर्ष असा, की पस्तिशीतील रुग्णाच्या आयुष्यातून एचआयव्हीशी निगडित अशी सुमारे 5.1 वर्षे कमी होतात, तर धूम्रपानाशी निगडित अशी सुमारे 12.3 वर्षे. रुग्णांच्या गटातील एकूण मृत्यूंपैकी 61.5 टक्के मृत्यूंचा संबंध धूम्रपानाशी लावता आला. सर्वसाधारण गटात हेच प्रमाण 34.2 टक्के होते. हा निरीक्षणात्मक अभ्यास आहे, आणि धूम्रपान करणाऱ्यांत मद्यपान, नैराश्य किंवा गरिबी यांचेही प्रमाण अधिक असू शकत असल्याने सगळाच फरक एकट्या धुराच्या माथी मारता येत नाही, हे येथे ध्यानात ठेवावे लागते. तरीही दोन आकड्यांमधले अंतर एवढे मोठे आहे, की त्याचा मूळ अर्थ या सावधगिरीने बदलत नाही.

विषाणू आणि धूर यांचा शरीरावरील परिणाम नुसता एकात एक मिळवल्यासारखा नसतो, तर ते एकमेकांना बळ देतात. औषधांनी विषाणू दबला तरी तो लसिका ग्रंथींसारख्या ठिकाणी सुप्त राहतो आणि प्रतिकारयंत्रणा कायम काहीशी चाळवलेली राहते; ऊतींमधील या मंद पण अखंड प्रक्षोभाला चिरकारी दाह म्हणतात. तंबाखूच्या धुरानेही नेमका असाच दाह निर्माण होतो. दोन्ही एकत्र आले म्हणजे रक्तवाहिन्यांचे अस्तर लवकर खराब होते आणि हृदयविकाराचा झटका कमी वयात येऊ शकतो. फुप्फुसांत ही हानी विशेष दिसते. तेथील वायुकोशांमध्ये जंतू गिळून टाकणाऱ्या भक्षक पेशी पहारा देत असतात. एचआयव्ही या पेशींनाही बाधित करतो आणि धुरामुळे त्यांची जंतू मारण्याची ताकद घटते. त्यामुळे जिवाणूजन्य न्यूमोनिया आणि श्वासमार्ग कायमचा अरुंद करणारा दमछाकीचा आजार, म्हणजे सीओपीडी, हे दोन्ही अशा रुग्णांत अधिक आढळतात. जगभर एचआयव्हीसह जगणाऱ्यांच्या मृत्यूचे सर्वांत मोठे कारण असलेला क्षयरोगही याच वाटेने शिरतो, कारण धूम्रपानाने क्षय होण्याचा धोका सुमारे दुप्पट होतो आणि एचआयव्हीने तो त्याहून कितीतरी पटींनी वाढलेला असतोच.

कर्करोगांपैकी फुप्फुसाचा कर्करोग येथे सर्वांत घातक ठरतो. स्त्रियांच्या बाबतीत गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचा स्वतंत्र उल्लेख करावा लागतो. तो एचपीव्ही या दुसऱ्याच विषाणूमुळे होतो. निरोगी शरीर बहुधा हा विषाणू स्वतःहून घालवून टाकते, पण एचआयव्ही असलेल्या स्त्रीला ते जड जाते आणि तिला या कर्करोगाचा धोका सुमारे सहापट असतो. धूम्रपान हे त्याला हातभार लावणारे आणखी एक कारण आहे.

एवढे नुकसान होत असताना हे व्यसन याच लोकांत अधिक का, याचे उत्तर त्यांच्या जगण्यात सापडते. अमेरिकेत 2009 मध्ये उपचार घेणाऱ्या एचआयव्ही रुग्णांपैकी सुमारे 42 टक्के प्रौढ धूम्रपान करीत होते, म्हणजे तेथील सर्वसाधारण प्रौढांच्या जवळजवळ दुप्पट. निदानाचा धक्का, ते घरात लपवून ठेवण्याचा ताण, बहिष्काराची भीती, एकटेपणा आणि नैराश्य यांत सिगारेट हा तत्काळ हाती लागणारा आधार असतो. शिवाय ज्या वस्त्यांमध्ये व समूहांमध्ये एचआयव्ही अधिक पसरला, त्यांतील बऱ्याच ठिकाणी गरिबी आणि अन्य व्यसनांसोबत तंबाखूही आधीपासून होता. म्हणून रुग्णाला दोष देत केलेला उपदेश येथे निरुपयोगीच नव्हे तर अपायकारकही ठरतो. आधीच कलंकाने वाकलेल्या माणसावर तो दुसरा कलंक लादतो, आणि असा माणूस पुढच्या वेळी खरे बोलत नाही किंवा औषध घ्यायलाच येत नाही.

व्यसनमुक्तीचे उपचार इतर रुग्णांना दिले जातात तेच येथेही वापरतात, मात्र काही गोष्टी निराळ्या आहेत. एचआयव्हीसह जगणाऱ्यांच्या शरीरात निकोटीनचे विघटन अधिक वेगाने होत असल्याचे आढळले आहे आणि एफाविरेन्झ या जुन्या औषधाशी त्याचा संबंध दिसतो. निकोटीन लवकर संपले की तलफ लवकर येते, त्यामुळे अशा व्यक्तीला धूम्रपान सोडणे अधिक अवघड जाते. बुप्रोपिऑन या व्यसनमुक्तीच्या औषधाचे रक्तातील प्रमाण एफाविरेन्झ आणि रिटोनाविर यांमुळे घटते. व्हरेनिक्लिन हे दुसरे औषध मुख्यतः मूत्रावाटे जसेच्या तसे बाहेर पडत असल्याने त्याच्या बाबतीत ही अडचण फारशी येत नाही. फ्रान्समध्ये एचआयव्ही रुग्णांवर घेतलेल्या आणि 2018 मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत व्हरेनिक्लिन घेणाऱ्यांपैकी धूम्रपानापासून वर्षअखेरपर्यंत दूर राहिलेल्यांचे प्रमाण औषधविरहित गोळी घेणाऱ्यांच्या दुपटीहून अधिक होते. दोन्ही गटांतील बहुसंख्य मात्र पुन्हा धूम्रपानाकडे वळले, आणि यश एका प्रयत्नात मोजू नये हे त्यावरून कळते.

धूम्रपान सोडल्याचा लाभ मोठा आहे. अमेरिकेतील 2016 च्या एका गणिती अनुमानानुसार, चाळिशीत उपचार सुरू करणारा पुरुष धूम्रपान चालू ठेवल्यास सरासरी 6.7 वर्षे गमावतो आणि त्याच वेळी ते सोडल्यास त्यांपैकी 5.7 वर्षे परत मिळवतो. स्त्रियांसाठी हे आकडे अनुक्रमे 6.3 आणि 4.6 आहेत. फुप्फुसाच्या कर्करोगाचा धोका मात्र हट्टी असतो. युरोप, अमेरिका आणि ऑस्ट्रेलिया येथील रुग्णांच्या एका मोठ्या संयुक्त अभ्यासात धूम्रपान सोडून पाच वर्षे उलटल्यावरही तो चढाच राहिलेला दिसला, त्यामुळे ज्यांनी धूम्रपान सोडले आहे त्यांच्याही छातीच्या तक्रारी हलक्यात घेता येत नाहीत.

भारतात सरकारी केंद्रांतून मोफत एआरटी देण्यास 1 एप्रिल 2004 रोजी सुरुवात झाली आणि 2017 पासून सीडी-4 पेशी कितीही असल्या तरी निदान होताच औषध सुरू करण्याचे धोरण आहे. त्यामुळे रुग्ण दीर्घकाळ जगण्याचा आणि त्यासोबत तंबाखूचे परिणाम उघडे पडण्याचा काळ येथेही आला आहे. महाराष्ट्रात एचआयव्हीसह जगणाऱ्यांची संख्या चार लाखांच्या घरात, म्हणजे देशात सर्वाधिक आहे. परंतु डेन्मार्क वा अमेरिकेचे निष्कर्ष येथे जसेच्या तसे लावता येत नाहीत. 2016-17 च्या राष्ट्रीय पाहणीत महाराष्ट्रातील फक्त 3.8 टक्के प्रौढ धूम्रपान करणारे आढळले, तर तंबाखू-चुना, गुटखा, मावा, मिश्री अशा धूरविरहित रूपांत तंबाखू घेणारे 24.4 टक्के. मिश्री लावणारी स्त्री स्वतःला व्यसनी समजत नाही आणि ‘सिगारेट ओढता का’ या प्रश्नाला प्रामाणिकपणे ‘नाही’ म्हणते. तिच्या तोंडातील चट्टे मग एचआयव्हीमुळे होणाऱ्या बुरशीच्या खात्यात जाण्याचा धोका असतो. देशभरात धूम्रपान करणाऱ्यांत सिगारेटपेक्षा विडी ओढणारे अधिक आहेत. टेंभुर्णीच्या पानात गुंडाळलेली विडी विझू नये म्हणून तिचे झुरके वारंवार घ्यावे लागतात, त्यामुळे तिच्यात तंबाखू थोडा असला तरी धूर कमी जात नाही.

एआरटीवरील रुग्ण दर महिन्याला, प्रकृती स्थिर असल्यास दर काही महिन्यांनी, औषधासाठी केंद्रात येतो आणि तेथे समुपदेशकासमोर बसतो. तंबाखूचा प्रश्न इतक्या नियमाने विचारता येईल अशी दुसरी जागा आरोग्यव्यवस्थेत क्वचितच आढळते. राष्ट्रीय तंबाखू नियंत्रण कार्यक्रमाखाली जिल्हा पातळीवर व्यसनमुक्ती केंद्रे आहेत आणि 1800-11-2356 या क्रमांकावर विनामूल्य सल्लाही मिळतो. पुष्कळ जिल्हा रुग्णालयांत एआरटी केंद्र आणि व्यसनमुक्ती केंद्र एकाच आवारात असतात, परंतु त्यांची नोंदवही, कर्मचारी आणि वरिष्ठ कार्यालय वेगळे असते. रुग्णाने एका खोलीतून दुसरीत जावे यासाठी कोणीतरी त्याच्या केसपेपरावर तसे लिहून द्यावे लागते.