ट्रॉम्बेचे किरण, सेलूची ज्वारी

परभणी जिल्ह्यातल्या सेलूच्या काळ्या रानात रब्बीची ज्वारी पेरताना शेतकरी दोन्हींचा विचार करतो: घरात भाकरी, दावणीला कडबा. म्हणून मालदांडी ज्वारी टिकून आहे. मात्र ओल तुटली की खडखड्या रोगाने तिची ताटे लोळतात. बाकीचे गुण राखून असा एखादाच दोष काढता यावा, यासाठी बियाण्याला किरण देतात.

१९२८ साली अमेरिकेत शास्त्रज्ञ स्टॅडलर यांनी क्ष-किरणांनी जवात घडलेले बदल दाखवले. १९६०च्या दशकात दिल्लीच्या पुसा संस्थेत कृषिशास्त्रज्ञ स्वामिनाथन यांनी सोनोरा-६४ या तांबड्या गव्हातून पिवळसर दाण्याचा शरबती सोनोरा काढला. मुंबईत ट्रॉम्बे इथल्या भाभा अणुसंशोधन केंद्राची वाट भुईमुगाच्या शेतातून गेली: १९७३ला टीजी-१, १९९१ला टीएजी-२४. मध्ये, १९८५ला, अकोल्याच्या कृषी विद्यापीठासोबत टीएयू-१ उडीद आला. तृणधान्यात मात्र १९८८चा ‘हरी’ भात सोडला तर बराच काळ हाती फारसे लागले नाही.

हे काम चिकाटीचे आहे. कोबाल्ट-६०चे गॅमा किरण सोडताना मात्रा आणि दाण्यातली ओल, दोन्ही जपावी लागतात. मात्रा चढली की उगवण घटते, रोपे खुरटतात, कणसात दाणा भरत नाही. अगदी कमी मात्रेने कधी रोप जोमाने वाढते, पण तो जोम पुढच्या पिढीत उतरत नाही. त्यावर नवा वाण उभा राहत नाही. खरी निवड दुसऱ्या पिढीपासून. हजारो झाडांतून कामाचे एखादे हेरायचे, त्याचे बी वेगळ्या ओळीत पेरायचे, गुण स्थिर होईपर्यंत वर्षानुवर्षे पारखायचे. असे बी किरणोत्सर्गी होत नाही, हे शेतकऱ्याला स्पष्ट सांगितले पाहिजे.

अलीकडे भाताने तृणधान्यांची ही वाट मोकळी केली. भाभा केंद्राने रायपूरच्या विद्यापीठासोबत उंच, उशिरा येणाऱ्या दुबराज भाताची उंची आणि कालावधी घटवला, सुवास राखला. दापोलीच्या विद्यापीठासोबत ‘ट्रॉम्बे कर्जत राइस’ कोलम आला.

दुबराजला जे साधले ते मालदांडीलाही साधावे, असे मला मनापासून वाटते. १९७२पासून परभणीत कृषी विद्यापीठ आहे, ज्वारीवर तिथे मोठे काम झाले आहे. भाभा केंद्राला आणि या विद्यापीठाला एकच विनंती: किरण दिलेल्या ज्वारीची निवड करताना कडब्याचे वजन दाण्याइतकेच मोजा, आणि चाचणीच्या काही ओळी सेलूच्या कोरडवाहू रानात, शेतकऱ्याच्या देखरेखीखाली पेरा.