वहीचं पान पडद्यावर कसं आलं

गडचिरोली जिल्ह्यातल्या कुरखेड्याच्या रानात मार्च-एप्रिलला मोह गळतो. ते फूल वर्गात आणणं सोपं. पण त्याच्या आतले बारीक पुंकेसर शेवटच्या रांगेतल्या पोराला दाखवायचे कसे? टेबलावरची वस्तू वरून टिपून पडद्यावर मोठी दाखवणारा डॉक्युमेंट कॅमेरा याच अडचणीवरचा उपाय आहे.

त्याची वंशावळ सहसा जादूच्या कंदिलापासून सांगतात. आपल्याकडे कल्याणच्या महादेव गोपाळ पटवर्धनांनी 1890 च्या दशकात काचेवर रंगवलेली चित्रं पडद्यावर जिवंत केली. ‘शांबरिक खरोलिका’ नावाचा तो खेळ मराठी माणसानं अभिमानानं सांगावा असाच होता. तरी माझ्या मते या यंत्राचा खरा पूर्वज वेगळा आहे. कंदिलाला आधीच रंगवून ठेवलेली काच लागे. पुढे 1960 च्या दशकात वर्गावर्गांत शिरलेल्या ओव्हरहेड प्रोजेक्टरलाही पारदर्शक फिल्म लागायची. लिओनार्ड ऑयलर या गणितज्ञानं मात्र 1756 च्या सुमारास निराळी युक्ती मांडली: वस्तूवरच झगझगीत उजेड टाकायचा आणि तिच्यावरून परतणारा प्रकाश भिंगातून पडद्यावर न्यायचा. नाणं असो की छापील पान, जसंच्या तसं दिसू लागलं. पण परतणारा उजेड मंद, म्हणून खोली अंधारी करावी लागे. दिवा इतका प्रखर की खालचा कागद तापे. अंधारात मुलं लिहिणार कशी?

ही कोंडी व्हिडिओ कॅमेऱ्यानं फोडली. ऑस्ट्रियाची वोल्फव्हिजन आणि जपानची एल्मो या कंपन्यांनी 1988 साली जर्मनीतल्या फोटोकिना प्रदर्शनात पहिले डॉक्युमेंट कॅमेरे मांडले. त्याच्या आदल्याच वर्षी भारत सरकारनं खडू-फळा योजना सुरू केली होती. प्रत्येक प्राथमिक शाळेला निदान दोन खोल्या आणि दोन शिक्षक मिळावेत, हा तिच्या उद्दिष्टांचा एक भाग होता. गडचिरोली जिल्हा तेव्हा जेमतेम पाच वर्षांचा होता.

2020 च्या टाळेबंदीत हे यंत्र विकत न घेताही घरोघरी तयार झालं. फ्रिजमधला पारदर्शक ट्रे दोन डब्यांवर आडवा, त्यावर मोबाईल आणि खाली शिक्षिकेची वही! अशा जुळणीचा एक फोटो देशभर फिरला.

कुरखेडा तालुक्यात ज्या शाळेत टीव्ही किंवा प्रोजेक्टर आहे, तिथल्या गुरुजींना आणि बाईंना विनंती आहे: तयार व्हिडिओ रोज लावू नका. पुस्तकांच्या दोन थप्प्यांवर काच ठेवा, तिच्यावर मोबाईल ठेवा आणि खाली एखाद्या मुलीनं गोंडीत लिहिलेली ओळ किंवा तिनं सोडवलेलं, चुकलेलंसुद्धा, गणित ठेवा. ते कुठल्याच तयार व्हिडिओत मिळणार नाही.