ओब्रायन, विल्यम

ओब्रायन, विल्यम : (२ ऑक्टोबर १८५२–२५ फेब्रुवारी १९२८). आयरिश संसदपटू, पत्रकार व कुळांच्या चळवळीचे नेते. जन्म कॉर्क परगण्यातील मॅलो येथे. १८८१ मध्ये आयरिश राष्ट्रवादी नेते पार्नेल यांच्या ‘युनायटेड आयर्लंड’ या साप्ताहिकाचे संपादक झाले. त्याच वर्षी डब्लिनच्या किल्मेनम तुरुंगातून निघालेल्या खंडबंदीच्या जाहीरनाम्याचा मसुदा त्यांचाच. १८८३ पासून ब्रिटिश संसदेत.

आयरिश नेते जॉन डिलन यांच्यासह त्यांनी १८८६ मध्ये ‘प्लॅन ऑफ कॅम्पेन’ चालवला. कुळांनी एकजुटीने रास्त तेवढाच खंड देऊ करायचा. जमीनदाराने तो नाकारल्यास ती रक्कम सामाईक निधीत टाकून बेदखल कुटुंबांना आधार द्यायचा, अशी ही योजना. मिचेल्सटाउनच्या कुळांना बेदखलीविरुद्ध चिथावल्याबद्दल त्यांच्यावर खटला झाला. खटल्याच्या दिवशी, ९ सप्टेंबर १८८७ रोजी, तेथील सभेवर पोलिसांनी केलेल्या गोळीबारात तिघे मरण पावले. या खटल्यात झालेली शिक्षा भोगताना राजकीय कैदी म्हणून त्यांनी तुरुंगाचे कपडे घालण्यास नकार दिला.

पुढे मेयो परगण्यात वेस्टपोर्टजवळ राहताना पश्चिमेकडील हलाखी त्यांना रोजच दिसू लागली. मोठमोठी कुरणे गुरे चारणाऱ्या धनिकांच्या ताब्यात आणि कुळे दलदलीच्या तुकड्यांवर, ही तिथली स्थिती. जवळच्या क्लेअर बेटावर थकलेल्या खंडाच्या वसुलीसाठी पोलीस येत. ओब्रायन व ट्यूमचे आर्चबिशप जामीन राहिले, तेव्हा १८९५ मध्ये कंजेस्टेड डिस्ट्रिक्ट्स बोर्ड या पश्चिमेकडील गरीब भागासाठीच्या सरकारी मंडळाने बेट विकत घेतले. विखुरलेल्या पट्ट्या एकत्र करून सलग शेते पाडण्यात आली, सामाईक चराईची जमीन लांब दगडी बांधाने वेगळी केली गेली. जमीनदाराला पूर्ण मोबदला देऊन कुळाला मालक करता येते, हे या लहानशा बेटाने सिद्ध केले. ओब्रायन यांच्या कार्याचे मर्म इथेच सापडते. संसदेतील भाषणांपेक्षा या प्रयोगाचे महत्त्व अधिक आहे.

कुरणांची फेरवाटणी मागणारी युनायटेड आयरिश लीग त्यांनी जानेवारी १८९८ मध्ये वेस्टपोर्टला स्थापली. जमीनदार व कुळांच्या प्रतिनिधींच्या १९०२ मधील भूमी परिषदेत ते कुळांच्या चार प्रतिनिधींपैकी एक होते. तिच्या शिफारशींवर १९०३ चा विंडम भूमी कायदा आधारलेला होता. या कायद्याने खरेदीची सगळी रक्कम सरकारने आगाऊ द्यायची होती. कुळाने ती वर्षाला सव्वातीन टक्क्यांनी (पावणेतीन व्याज, अर्धा मुद्दल) साडेअडुसष्ट वर्षांत फेडायची होती. म्हणजे शंभर पौंडांच्या जमिनीला वार्षिक हप्ता ३ पौंड ५ शिलिंग. जमीनदाराला किमतीवर १२ टक्के बक्षीस सरकारी तिजोरीतून मिळे. जमीनदारांना फार मिळाले, असा आक्षेप डिलन व मायकल डेव्हिट यांनी घेतला. त्याबद्दल अजूनही मतभेद आहेत. स्वपक्षातील या विरोधामुळे नोव्हेंबर १९०३ मध्ये ओब्रायन यांनी संसद-सदस्यत्वाचा राजीनामा दिला.

जमीन नसलेल्या शेतमजुरांना घर व लगतचा जमिनीचा तुकडा मिळावा, यासाठी मजुरांचे नेते डी. डी. शीहन यांच्याबरोबर त्यांनी कॉर्कमध्ये जोर लावला. १९०६ च्या मजूर कायद्याने घरबांधणीला मोठे कर्ज उपलब्ध झाले. श्रेय कोणाचे, याविषयी एकवाक्यता नाही.

१९१० मध्ये त्यांनी ऑल-फॉर-आयर्लंड लीग हा पक्ष स्थापला. १९१८ मध्ये संसदेतून कायमची निवृत्ती.

ग्रंथ : ‘व्हेन वी वेअर बॉइज’ (कादंबरी, १८९०), आठवणी.

लंडन येथे निधन.