एफटी-८ मधील संदेशरचनेचा बदल (२०१८) : एक ऐतिहासिक विवेचन

प्रस्तावना :
मोडी कागदाची शाई स्पष्ट असली तरी लिपी अवगत नसणाऱ्यास त्यातील मजकूर मुकाच राहतो. इतिहासाच्या अभ्यासकास हा अनुभव नवा नाही. असाच प्रसंग हौशी रेडिओच्या क्षेत्रात २०१८ च्या अखेरीस उद्भवला. प्रस्तुत लेखात त्याचा विचार करावयाचा आहे.

पार्श्वभूमी :
नोबेल पारितोषिक विजेते खगोलभौतिकशास्त्रज्ञ जोसेफ टेलर व त्यांचे सहकारी स्टीव्ह फ्रँके यांनी २०१७ मध्ये एफटी-८ ही पद्धत प्रसृत केली. अतिशय क्षीण संकेतही पंधरा सेकंदांच्या फेरीत वाचता येत असल्याने ती अल्पावधीत जगभर रूढ झाली. तिची रचना काटकसरीची होती. संदेशाच्या ७५ बिटांपैकी दोन कॉल साइनना प्रत्येकी २८, स्थानास १५ व संदेशाचा प्रकार दर्शविण्यास उर्वरित ४ बिट होते. पृथ्वीचे ३२,४०० चौकोन कल्पिल्यामुळे स्थानास १५ बिट पुरतात. त्यांपैकी ‘एमएल८१’ या चौकोनात जळगाव जामोद येते.

बदल व परिणाम :
स्पर्धांमधील माहिती व लांब कॉल साइन या चौकटीत मावेनात. म्हणून १० डिसेंबर २०१८ रोजी डब्ल्यूएसजेटी-एक्स २.० या आज्ञावलीत ७७ बिटांची रचना आली. जुनी व नवी आवृत्ती परस्परांचे एफटी-८ संदेश वाचू शकत नव्हत्या. १ जानेवारी २०१९ पर्यंत सर्वांनी नवी आवृत्ती स्वीकारावी, असे आवाहन करण्यात आले. मोडी मागे पडण्यास अनेक दशके लागली. येथे अवघे तीन आठवडे मिळाले.

हा बदल तंत्रदृष्ट्या अटळ होता, असे म्हणता येत नाही. आरंभीच्या चाचणी आवृत्त्यांत दोन्ही रचना वाचण्याची सोय होती. ती पुढे काढून टाकणे हा निर्णय होता. त्यामुळे एकवाक्यता लवकर आली. मात्र जो वेळेत बदलला नाही, त्यास संकेत ऐकू येऊनही अर्थ लागेना.

निष्कर्ष :
नव्या रचनेतील ३ बिट संदेशाचा प्रकार सांगतात. २०१९ मध्ये आलेल्या एफटी-४ पद्धतीनेही हीच ७७ बिटांची रचना स्वीकारली. तथापि २०१८ पूर्वीचे ध्वनिमुद्रण वाचावयाचे तर जुनी आज्ञावलीच हवी. महाविद्यालयांतून कागदपत्रांचे संगणकीकरण करताना हा धडा उपयुक्त आहे : दस्तऐवजासोबत तो वाचण्याचे साधनही जतन केले पाहिजे.