भंगाराचा मालक कोण?

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)

जालना शहरातून औद्योगिक वसाहतीकडे जाणाऱ्या रस्त्यावर थोडा वेळ उभे राहिले, की भंगाराने भरलेले ट्रक दिसू लागतात. मोडके पलंग, पत्र्याचे डबे, सायकलींचे सांगाडे, जुन्या यंत्रांचे सुटे भाग आणि बंदरांवरून आलेले परदेशी लोखंड. काट्यावर वजन होते, चुंबक तो माल उचलते, भट्टी तो वितळवते आणि दुसऱ्या टोकाने सळई बाहेर पडते. 'जालना, सोने का पालना' ही म्हण जुन्या व्यापारपेठेच्या वैभवाची. सोन्याची जागा पुढे कापसाने घेतली, मग बियाण्यांनी आणि अलीकडच्या काळात पोलादाने. मराठवाड्यात घर बांधायला काढले, की जालन्याच्या सळईचा भाव विचारला जातोच.

भंगार या वस्तूचे एक वैशिष्ट्य आहे. तिला पूर्वेतिहास नसतो. लहानपणी आम्ही लोखंडाचे तुकडे देऊन मुरमुरे-फुटाणे घ्यायचो, तेव्हा हा तुकडा कुठला, असे भंगारवाल्याने कधी विचारले नाही. तो फक्त वजन पाहायचा. आजही मोठ्या काट्यावर तेच चालते. आजचा विषय या न विचारलेल्या प्रश्नाचा आहे. त्या ढिगात किरणोत्सर्गी पदार्थाची एखादी लहानशी डबी आली तर? आणि ती येऊ नये हे पाहायचे कोणी, दिल्लीने, मुंबईने, की जिल्ह्याच्या ठिकाणी बसलेल्या अधिकाऱ्याने?

किरणोत्सर्गी कचरा म्हटले की आपल्याला तारापूर आठवते. पण अणुवीजकेंद्राचा कचरा कुंपणाच्या आत असतो, त्याची नोंद असते. त्यातला कमी तीव्रतेचा घन कचरा, म्हणजे हातमोजे, कपडे, पुसायची फडकी, गाळण्या, हा केंद्राच्याच आवारात काँक्रीटच्या चरांमध्ये ठेवला जातो. रुग्णालयांतला कचरा बहुधा अल्पायुषी असतो. थायरॉईडच्या उपचारात वापरतात ते आयोडीन १३१ दर आठ दिवसांनी निम्मे होते. ऐंशी दिवस वेगळे ठेवले, की हजारावा हिस्सासुद्धा उरत नाही. क्ष-किरणांचे यंत्र तर बटण बंद केले की निव्वळ लोखंडच. त्याला भिण्याचे कारण नाही.

अडचण आहे ती तिसऱ्या प्रकाराची. कर्करोगाच्या उपचाराची जुनी यंत्रे, पाइपांचे सांधे तपासणारे कॅमेरे, कारखान्यांत पातळी आणि जाडी मोजणारी उपकरणे. यांत कोबाल्ट ६०, सिझियम १३७, इरिडियम १९२ यांसारखे पदार्थ धातूच्या कुपीत बंद केलेले असतात. कोबाल्ट निम्मे व्हायला सव्वापाच वर्षे लागतात, सिझियमला तीस. यंत्राचे आयुष्य संपते, कारखाना बंद पडतो, माहीतगार माणूस निवृत्त होतो, पण आतली कुपी जिवंत राहते. कायद्याप्रमाणे ती पुरवठादाराकडे किंवा अधिकृत ठिकाणी परत जायला हवी. ती परत न जाता लिलावात गेली, की तिचे नाव पुसले जाते आणि ती भंगार होते.

ही कल्पनेतली भीती नाही. ६ डिसेंबर १९८३ रोजी मेक्सिकोतल्या सिउदाद हुआरेस या गावात कर्करोगाच्या उपचाराचे एक वापरात नसलेले यंत्र भंगारात विकले गेले. त्याच्या कुपीत कोबाल्टच्या सुमारे सहा हजार बारीक गोळ्या होत्या. कुपी फुटली, गोळ्या भंगारात मिसळल्या, ते भंगार ओतशाळांत गेले आणि त्याच्या सळया झाल्या. कोणालाही काही कळले नाही. मग १६ जानेवारी १९८४ रोजी अशा सळया घेऊन निघालेला एक ट्रक अमेरिकेत रस्ता चुकला आणि नेमका लॉस अलामोसच्या अणुप्रयोगशाळेच्या दारात जाऊन उभा राहिला. तिथल्या यंत्रांनी घंटा वाजवली. ट्रकवाला रस्ता चुकला नसता, तर! पुढे मेक्सिकोत हजारो इमारती तपासाव्या लागल्या आणि शेकडो घरे, काही अर्धवट तर काही पूर्ण, पाडावी लागली. कारण सळई एकदा काँक्रीटमध्ये गेली, की ती काढता येत नाही.

भट्टीत शिरलेला प्रत्येक पदार्थ वेगळा वागतो, हेही इथे सांगायला हवे. कोबाल्ट लोखंडात एकजीव होते आणि सळईत उतरते. सिझियम उडून जाते आणि धुराच्या गाळणीतल्या धुळीत सापडते. १९९८ मध्ये स्पेनच्या एका पोलाद कारखान्यात तसे घडले, तेव्हा त्याचा माग फ्रान्स आणि स्वित्झर्लंडच्या हवेतल्या मोजणीत लागला. अमेरिशियम भट्टीतल्या मळीत जाते. म्हणजे सळई शुद्ध निघाली एवढ्याने कामगार सुखरूप असेलच असे नाही.

आता आपल्याकडे येऊ. ऑक्टोबर २००८ मध्ये फ्रान्सच्या अणुसुरक्षा प्राधिकरणाने जाहीर केले, की लिफ्टची बटणे जुळवणाऱ्या एका कारखान्यातल्या सुमारे वीस कामगारांना किरणोत्सर्गाची बाधा पोहोचली आहे. बटणांचे पोलाद भारतातून गेलेले होते, त्यात कोबाल्ट ६० होते. आपल्या अणुऊर्जा नियामक मंडळाने माग काढला तो थेट आपल्या खोपोलीच्या एका ओतशाळेपर्यंत पोहोचला. पुढच्या वर्षाच्या सुरुवातीला जर्मनीतही भारतीय पोलाद पकडले गेले. ओतशाळेने काही मुद्दाम केले नव्हते. भंगार घेतले, वितळवले, विकले. जालन्यात रोज होते तेवढेच. चूक पकडली ती मात्र हजारो किलोमीटर दूर, ज्यांच्या दारात मोजणारे यंत्र होते त्यांनी.

दीड वर्षाने, एप्रिल २०१० मध्ये, दिल्लीच्या मायापुरी भंगारबाजारात काही माणसे आजारी पडली. केस गळले, कातडी काळी पडली. दिल्ली विद्यापीठाच्या रसायनशास्त्र विभागात १९७० च्या आसपास कॅनडाहून आलेले एक गॅमा यंत्र होते. १९८५ पासून ते वापराविना पडून होते. फेब्रुवारी २०१० मध्ये त्याचा लिलाव झाला. भंगारवाल्यांनी ते फोडले. आतल्या कोबाल्टचा एक तुकडा तर एका जणाने पाकिटात घालून खिशात ठेवला. २६ एप्रिलला एका कामगाराचा मृत्यू झाला. नियामक मंडळाची स्थापना १५ नोव्हेंबर १९८३ ची. यंत्र त्याच्या कितीतरी आधीचे. कायदे पुढच्या तारखेपासून लागू होतात, पण वस्तू मागच्या तारखेच्या असतात.

मग कायदा काय म्हणत होता? याची मुळे स्वातंत्र्याच्या पहिल्या वर्षात आहेत. एप्रिल १९४८ मध्ये पंडित नेहरूंनी अणुऊर्जा विधेयक संविधान सभेपुढे मांडले, तेव्हा ही सभा कायदेमंडळ म्हणूनही काम करत होती. जालना त्या वेळी निजामाच्या राज्यात होते, हे जाता जाता लक्षात ठेवू. एस. व्ही. कृष्णमूर्ती राव यांनी विधेयकातल्या गुप्ततेवर आक्षेप घेतला होता. पण गुप्तता राहिली आणि अधिकार केंद्राकडेच राहिले. १९६२ च्या कायद्याने ती चौकट अधिक पक्की केली. किरणोत्सर्गी कचऱ्याच्या सुरक्षित विल्हेवाटीचे नियम त्याखाली १९८७ मध्ये आले.

राज्यघटनेच्या सातव्या परिशिष्टात एक गमतीचा योगायोग आहे. केंद्राच्या सूचीतला सहावा विषय अणुऊर्जा. राज्यांच्या सूचीतला सहावा विषय सार्वजनिक आरोग्य, स्वच्छता, रुग्णालये आणि दवाखाने. कोबाल्टची कुपी जोवर यंत्रात आहे तोवर ती एका सहाव्या विषयात बसते, आणि कामगाराचे हात भाजले की तो कामगार दुसऱ्या सहाव्या विषयात जातो. मधली जागा कोणाची?

मधल्या जागेत आपल्या ओळखीचे खाते म्हणजे राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळ. कारखान्याच्या धुराड्यापासून सांडपाण्यापर्यंत सगळे तेच पाहते. पण घातक कचऱ्याच्या नियमांतून किरणोत्सर्गी कचरा वगळलेला होता, २०१६ च्या नियमांतही आणि जैववैद्यकीय कचऱ्याच्या नियमांतही. कारण सरळ होते, त्याचा कायदा वेगळा आहे. परिणाम असा, की जो निरीक्षक फाटकातून आत येऊ शकतो, त्याच्या कामाच्या यादीत ही वस्तू नाही, आणि ज्यांच्या यादीत आहे ते मुंबईत अणुशक्तीनगरात बसतात. शिवाय जबाबदारी परवानाधारकाची असते. भंगारवाल्याकडे असला परवाना नसतो, कारण आपण असले काही विकत घेतो आहोत हेच त्याला ठाऊक नसते.

अमेरिकेने नेमकी उलटी वाट धरून पाहिली. १९७९ मध्ये तिथे कमी तीव्रतेच्या कचऱ्याला जागा देणारी तीनच ठिकाणे होती, दक्षिण कॅरोलिना, नेवाडा आणि वॉशिंग्टन या राज्यांत. सगळ्या देशाची घाण आम्हीच का घ्यायची, असे त्यांनी विचारले. नेवाडा आणि वॉशिंग्टनच्या गव्हर्नरांनी काही काळ दारे बंद केली. त्यातल्या वॉशिंग्टनच्या डिक्सी ली रे या स्वतः एकेकाळी अणुऊर्जा आयोगाच्या अध्यक्ष होत्या, म्हणजे अणुविरोधक नव्हेत. १९८० मध्ये कायदा झाला की ज्या राज्याचा कचरा त्याने तो सांभाळावा, किंवा शेजाऱ्यांशी करार करावा. १९८५ मध्ये त्याला दट्ट्या जोडला, वेळेत सोय केली नाही तर त्या कचऱ्याची मालकीच राज्यावर येईल. न्यूयॉर्क राज्य न्यायालयात गेले आणि १९९२ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने मालकी लादणारे कलम रद्द केले. केंद्र राज्यांना असे वेठीला धरू शकत नाही, हा त्या निकालाचा आशय.

त्याच सुमारास दुसरा वाद पेटला. फारच कमी किरणोत्सर्ग असलेला कचरा 'दखल घेण्याजोगा नाही' म्हणून साध्या कचऱ्याबरोबर टाकू द्यावा, असे तिथल्या नियामक आयोगाचे १९९० चे धोरण होते. अनेक राज्यांनी आपल्या हद्दीत असे चालणार नाही, असे कायदे केले. अखेर १९९२ मध्ये काँग्रेसने ते धोरणच रद्द केले. राज्यांनी इथे जिंकले खरे. पण जागेचे काय? राज्यांच्या कराराखाली नव्याने उभे राहिलेले टेक्सासमधले ठिकाण सुरू व्हायला २०१२ साल उजाडले. अधिकार राज्यांना दिला, तर प्रत्येक राज्य तो 'नको' म्हणायला वापरते, हे त्यातून दिसले. आपल्याकडे महाराष्ट्र-कर्नाटक किंवा मराठवाडा-नाशिक असा पाण्याचाच वाद मिटत नाही, तिथे या कचऱ्याची वाटणी राज्यांवर सोडली असती तर काय झाले असते, याची कल्पना करवत नाही. कचरा कुठे पुरायचा हा निर्णय केंद्राकडे राहिला ते बरेच झाले, असे माझे मत आहे.

पण पुरण्याचा निर्णय वेगळा आणि नजर ठेवणे वेगळे. नजर गावात लागते. २००१ मध्ये आपल्या सर्वोच्च न्यायालयाने क्ष-किरण यंत्रांच्या निमित्ताने प्रत्येक राज्यात किरणोत्सर्ग सुरक्षा संचालनालय स्थापन करण्यास सांगितले. महालेखापरीक्षकांनी २०१२ मध्ये हिशेब मांडला, तेव्हा जुलै २०१२ पर्यंत ते केरळ आणि मिझोराम या दोनच राज्यांत झाले होते. देशातल्या ५७,४४३ क्ष-किरण यंत्रांपैकी ५२,१७३ यंत्रे नोंदणीविना चालली होती. आपल्या विषयाशी जवळचे निरीक्षण त्याच अहवालात आहे. वापर संपलेले किरणोत्सर्गी स्रोत खरोखर सुरक्षितपणे निकाली निघाले का, हे पडताळण्याची नीट यंत्रणाच नव्हती. डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने 'शांती' नावाने ओळखला जाणारा अणुऊर्जेचा नवा कायदा मंजूर केला. १९६२ चा कायदा मागे घेण्याची आणि नियामक मंडळाला कायद्याचा थेट आधार देण्याची तरतूद त्यात आहे. विषय मात्र केंद्राचाच राहिला.

बंदरांवर किरणोत्सर्ग हेरणाऱ्या कमानी आल्या, हे चांगले झाले. पण मायापुरीचे यंत्र बंदरातून आले नव्हते, शहरातूनच आले होते. शिवाय लोखंड स्वतःच किरणे अडवते. ट्रकच्या मधोमध, शिशाच्या आवरणात बसलेली कुपी कमानीला चकवू शकते. म्हणून कारखान्याच्या फाटकावरही मोजणी हवी आणि ढीग उपसतानाही. आणि ज्याला ती सापडेल, त्याने ती कळवल्यावर पहिली चौकशी त्याचीच होणार असेल, तर तो ती गुपचूप नाल्यात टाकेल, हेही धोरण ठरवणाऱ्यांनी ओळखायला हवे.

२००७ मध्ये आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेने एक नवे धोक्याचे चिन्ह आणले. पिवळ्यावरचे तीन पात्यांचे जुने चिन्ह अनेकांना पंख्यासारखे वाटते. नवे चिन्ह लाल त्रिकोणात आहे. वरून येणारी किरणे, खाली कवटी आणि पळणारा माणूस. अकरा देशांतल्या लोकांना दाखवून, त्यात भारतही होता, ते अक्षर न ओळखणाऱ्यालाही कळेल असे बेतले आहे. ते यंत्राच्या बाहेर लावत नाहीत. आत, कुपीजवळ लावतात, म्हणजे यंत्र फोडायला बसलेल्या माणसालाच ते दिसते. तसे दिसले तर हातातली छिन्नी तिथेच ठेवायची, लांब व्हायचे आणि पोलिसांना कळवायचे. मायापुरीत फोडले गेलेले यंत्र या चिन्हाहून जवळजवळ चाळीस वर्षे जुने होते.