प्रौढ बौद्धिक दिव्यांगांसाठीचे सामुदायिक उपक्रम : शिरूर व दौंड तालुके

ज्यांच्या बुद्धीची आणि रोजच्या व्यवहारातल्या कौशल्यांची वाढ लहानपणापासून मंद राहिली, अशा व्यक्तींना वयाच्या अठराव्या वर्षानंतर आपल्या माणसांत राहून काम, सोबत, उपचार, थोडे उत्पन्न आणि कायद्याचे संरक्षण मिळावे यासाठी कुटुंब, गाव, संस्था आणि शासन यांनी उभी केलेली व्यवस्था. बौद्धिक दिव्यांगत्वाबरोबरच स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी आणि बहुविकलांगता असलेल्या प्रौढांचाही यात समावेश होतो. मानसिक आजार ही वेगळी गोष्ट आहे. तो पुढे कधीही जडू शकतो आणि औषधाने आटोक्यात येऊ शकतो. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने आपल्या व्याख्येतून बौद्धिक दिव्यांगत्व स्पष्टपणे वगळले आहे. गावात मात्र दोघांनाही एकाच नावाने हाक मारली जाते आणि त्यामुळे पुष्कळदा उपचारही चुकीच्या दारात शोधले जातात.

२०११ च्या जनगणनेत बौद्धिक दिव्यांगत्वाच्या वर्गात देशातील सुमारे १५ लाख आणि महाराष्ट्रातील सुमारे १ लाख ६० हजार व्यक्तींची नोंद झाली. लग्नाच्या वयाच्या भावंडांवर परिणाम होईल या धास्तीने ज्या घरांनी मोजणीदाराला काही सांगितले नाही, ती घरे या आकड्यांच्या बाहेर आहेत.

शिरूर आणि दौंड हे पुणे जिल्ह्याच्या पूर्वेकडचे, भीमेच्या दोन काठांवरचे शेजारी तालुके. शिरूर, म्हणजे घोडनदी, पुणे-अहिल्यानगर रस्त्यावर आहे, तर दौंड सोलापूर आणि मनमाडकडे जाणाऱ्या रेल्वेमार्गांचे जंक्शन आहे. ऊस, कांदा, दूध आणि गुऱ्हाळे ही इथली जुनी ओळख. रांजणगाव आणि कुरकुंभ या औद्योगिक वसाहती आल्यावर जमिनीचे भाव चढले आणि घरातली धडधाकट माणसे सकाळीच पाळीला बाहेर पडू लागली. या दोन्ही बदलांचा घरी राहणाऱ्या प्रौढ दिव्यांगावर थेट परिणाम झाला. त्याच्याकडे बघायला दिवसभर घरात कोणी उरेना, आणि त्याच्या नावावरच्या जमिनीच्या तुकड्याला किंमत आली.

केडगावचे मुक्ती मिशन. या परिसरातील अशा कामाचे सर्वांत जुने मूळ दौंड तालुक्यातील केडगावला सापडते. पंडिता रमाबाईंनी १८८९ मध्ये मुंबईत शारदा सदन काढले आणि पुढल्या वर्षी ते पुण्यात आणले. १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातून त्यांनी शेकडो निराधार स्त्रिया व मुली आणल्या आणि त्यांना केडगावच्या शेतजमिनीवर वसवले. हेच पुढे मुक्ती मिशन झाले. दुष्काळाने आणलेल्या या स्त्रियांमध्ये विधवा होत्या, अनाथ होत्या, आणि घरच्यांनी टाकलेल्या अंध व अपंग स्त्रियाही होत्या. रमाबाईंनी निवड केली नाही. अंध स्त्रियांसाठी स्वतंत्र विभाग चालवला, त्यांना ब्रेल शिकवण्याची व्यवस्था केली. विणकाम, शेती, दूधदुभते, छापखाना अशी कामे ज्याच्या-त्याच्या ताकदीप्रमाणे वाटून दिली. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाईंचे निधन झाले, संस्था आजही चालू आहे. रमाबाईंच्या चरित्रात धर्मांतराच्या वादाला फार पाने मिळतात. ज्या स्त्रीला शिकून पायावर उभे राहणे शक्यच नव्हते तिलाही कामाच्या पाळीत जागा देणारी त्यांची दृष्टी तितक्याच तपशिलाने नोंदली जायला हवी. अपंग माणसाला फक्त जेवू घालणे पुरेसे नसते, त्याचा दिवस भरलेला असावा लागतो, ही जाण केडगावात शंभराहून अधिक वर्षांपूर्वी होती.

वढू बुद्रुकचे माहेर. शिरूर तालुक्यातील वढू बुद्रुक हे छत्रपती संभाजी महाराजांच्या समाधीमुळे सर्वांना ठाऊक आहे. याच गावात २ फेब्रुवारी १९९७ रोजी सिस्टर ल्युसी कुरियन यांनी 'माहेर' सुरू केले. त्यामागची घटना १९९१ ची. आसरा मागायला आलेल्या एका गरोदर स्त्रीला ल्युसी यांनी दुसऱ्या दिवशी यायला सांगितले आणि त्याच रात्री नवऱ्याने तिला पेटवून दिले. ती वाचली नाही. छळातून सुटलेल्या स्त्रिया व त्यांची मुले यांच्यासाठी निघालेल्या या घरात लौकरच रस्त्यावर सापडलेल्या, स्वतःचे नाव-गाव सांगता न येणाऱ्या स्त्रियाही येऊ लागल्या. त्यांच्यासाठी 'वात्सल्यधाम' वेगळे करावे लागले. माहेरची घरे आता महाराष्ट्राबाहेर केरळ आणि झारखंडमध्येही आहेत. ल्युसी कुरियन यांना केंद्र शासनाचा नारीशक्ती पुरस्कार मिळाला आहे. मोठ्या वसतिगृहाऐवजी लहान लहान घरे ही माहेरची रीत बौद्धिक दिव्यांग व्यक्तीला विशेष मानवते. ओळखीची माणसे, ठरलेला क्रम, रोजची तीच ताटली यांत तिला सुरक्षित वाटते. शंभर जणांच्या सभागृहात ती हरवते.

केडगाव आणि वढू या दोन्ही संस्था मुळात निराधारांसाठी निघाल्या. बौद्धिक दिव्यांग प्रौढ त्यांच्याकडे आले ते घर तुटल्यावर. घर शाबूत असताना त्या घराला हात देणारी व्यवस्था हा या विषयाचा निराळा आणि अधिक मोठा भाग आहे.

अठरावे वर्ष. शाळेत असेपर्यंत मुलाला शिक्षक असतात, विशेष शाळेची गाडी असते, गणवेश असतो. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमाने सहा ते अठरा या वयात मोफत शिक्षणाचा हक्क दिला. अठरा पूर्ण झाली की शाळा संपते आणि मूल पुन्हा ओसरीवर येऊन बसते. शिकलेले बटण लावणे, पैसे मोजणे, ओळीत उभे राहणे सराव नसल्याने वर्ष-दोन वर्षांत विसरले जाते. म्हणून राज्यात अठरा वर्षांपुढील व्यक्तींसाठी विशेष शाळांना जोडून किंवा स्वतंत्रपणे कार्यशाळा चालवण्याची पद्धत पडली. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखालच्या 'विकास' योजनेत दिवसकेंद्र, 'समर्थ' योजनेत थकलेल्या घराला काही काळ उसंत मिळावी म्हणून तात्पुरता निवास, 'घरौंदा' योजनेत प्रौढांसाठी कायमचे घर आणि 'सहयोगी' योजनेत काळजीवाहकांचे प्रशिक्षण ठरवले आहे. 'निरामय' या आरोग्य विम्यात वर्षाला एक लाख रुपयांपर्यंतचा खर्च मिळतो. त्यासाठी आधी वैद्यकीय तपासणी लागत नाही आणि बाह्यरुग्ण उपचार व थेरपीही त्यात धरल्या आहेत. या योजना न्यासाकडे नोंदलेल्या संस्थांच्या हातून राबवायच्या असल्याने त्या शहराजवळ आधी पोहोचतात. शिरूरच्या डोंगराळ पश्चिम भागातल्या वाडीवर किंवा भीमाकाठच्या वस्तीवर त्या न्यायच्या, तर गावातल्या आशाताईला आणि अंगणवाडीसेविकेला या योजनांची नावे पाठ असायला हवीत.

दाखला आणि अनुदान. प्रत्येक लाभाची सुरुवात दिव्यांगत्वाच्या दाखल्यापासून आणि वैश्विक ओळखपत्रापासून, म्हणजे यूडीआयडी कार्डापासून होते. बौद्धिक दिव्यांगत्वाचे मोजमाप बुद्ध्यांक व सामाजिक परिपक्वतेच्या चाचण्यांवरून करतात. सौम्य असल्यास ५०, मध्यम ७५, तीव्र ९० आणि अतितीव्र १०० टक्के धरतात. चाळीस टक्क्यांच्या किमान अटीत ही चारही गटांतील माणसे बसतात. चाचणी करणारा मानसशास्त्रज्ञ मात्र दर रुग्णालयात नसतो. औंधचे जिल्हा रुग्णालय किंवा ससून गाठायचे, तर शिरूरहून साठ-सत्तर आणि दौंडहून त्याहून थोडा अधिक किलोमीटरचा प्रवास पडतो. गर्दीला घाबरणाऱ्या, लघवीचे सांगता न येणाऱ्या पंचविशीतल्या मुलाला घेऊन हा प्रवास करणे म्हणजे आईची एक दिवसाची मजुरी आणि तिच्या धीराची कसोटी. एसटीत दिव्यांगाला भाड्यात ७५ टक्के सवलत आहे. सोबत्याला ५० टक्के सवलत मिळते, पण ती ६५ टक्के व त्यापुढील दिव्यांगत्व असेल तरच. म्हणजे 'सौम्य' गटातल्या मुलाच्या आईला पूर्ण तिकीट काढावे लागते, जरी तो एकटा बस बदलू शकत नसला तरी. तालुक्याच्या ठिकाणी भरणारी दाखला-शिबिरे म्हणूनच मोलाची. ज्या शिबिराला मानसशास्त्रज्ञ येतो ते शिबिर या कुटुंबांच्या उपयोगाचे.

दाखला हाती आला की तहसील कचेरीतील संजय गांधी शाखेत अर्ज करायचा. १९८० पासून चालू असलेल्या संजय गांधी निराधार अनुदान योजनेची रक्कम २०२३ मध्ये दरमहा १,५०० रुपये झाली आणि २०२५ मध्ये दिव्यांगांसाठी ती २,५०० रुपये करण्यात आली. महाराष्ट्राने २०२२ मध्ये दिव्यांग कल्याणासाठी स्वतंत्र विभाग काढला. त्याखेरीज ग्रामपंचायतीने आपल्या उत्पन्नातील पाच टक्के रक्कम दिव्यांगांसाठी खर्च करायची असते. तो निधी बहुतेक ठिकाणी वर्षाअखेरीस धनादेश, तीनचाकी सायकल किंवा पिठाची गिरणी यांत संपतो. कारखान्यांच्या करातून चांगले उत्पन्न असलेल्या शिक्रापूर, सणसवाडी, रांजणगाव, कुरकुंभ अशा पंचायतींनी एकत्र येऊन त्यातून एक दिवसकेंद्र आणि एक गाडी चालवली, तर सायकलीचा काही उपयोग नसलेल्या माणसालाही त्या पाच टक्क्यांतला आपला वाटा मिळेल.

काम. बौद्धिक दिव्यांग प्रौढाला काम शिकवण्याची पद्धत ठरलेली आहे. कामाचे लहान टप्पे पाडायचे, एक टप्पा पक्का झाल्यावरच दुसरा घ्यायचा, आणि जागा, वेळ व साधने बदलायची नाहीत. पुण्यातील कामायनीसारख्या १९६४ पासून काम करणाऱ्या संस्थेने आणि मुंबईत शिवडीच्या जय वकील शाळेने, जिचा आरंभ १९४४ चा आहे, शाळेपुढे उद्योगकेंद्राचा टप्पा जोडला. कागदी पिशव्या, फाइली, मेणबत्त्या, पणत्या, मसाले ही कार्यशाळांतली नेहमीची कामे. ग्रामीण तालुक्यात त्यांची नक्कल करण्याची गरज नाही. कांदा निवडणे, गोणी शिवणे, जनावरांना वैरण-पाणी करणे, रोपवाटिकेत पिशव्या भरणे, गुळाच्या ढेपा कापडात गुंडाळणे ही कामे इथे दाराशी आहेत आणि पुष्कळ जण ती आधीच करत असतात. त्या कामाचा मोबदला त्यांच्या हाती पडत नाही, एवढाच फरक. हाताने शिकवण्याची परंपराही इथे आहे. शिरूर तालुक्यातील पाबळ येथे डॉ. श्री. शं. कलबाग यांनी १९८३ मध्ये विज्ञान आश्रम काढला आणि पुस्तकात न रमणाऱ्या ग्रामीण मुलांना प्रत्यक्ष काम करत शिकवले. रसायनांच्या कुरकुंभपेक्षा रांजणगावच्या वेष्टनाच्या आणि जुळणीच्या कामात अशा माणसांना सोबतीच्या देखरेखीखाली घेणे सुरक्षित ठरेल. सरकारी नोकऱ्यांतील चार टक्के आरक्षणात एक टक्का स्वमग्नता, बौद्धिक दिव्यांगत्व, मानसिक आजार इत्यादी गटांसाठी आहे. पण त्याचा लाभ शालान्त परीक्षेपर्यंत पोहोचलेल्यांनाच होतो.

कायमची घरे. 'आमच्यामागं याचं कोण करणार?' हा प्रश्न प्रत्येक आईबाप विचारतात. त्याला महाराष्ट्रात वेगवेगळी उत्तरे दिली गेली. मुळशी तालुक्यातील कोळवणजवळचे साधना व्हिलेज हे १९९४ पासून प्रौढांसाठीच चालते. तिथे रहिवाशांना 'विशेष मित्र' म्हणतात आणि ते घरमातेबरोबर कुटुंबासारखे राहतात. डोंबिवलीजवळ खोणी येथे अमेय पालक संघटनेने, म्हणजे पालकांनीच एकत्र येऊन, 'घरकुल' उभारले. नाशिकला रजनी लिमये यांनी १९७७ मध्ये प्रबोधिनी विद्यामंदिर सुरू केले, त्यामागे स्वतःच्या मुलाचे संगोपन होते. अमरावती जिल्ह्यातील वझ्झर येथे शंकरबाबा पापळकर यांनी दिव्यांग अनाथांना आपले नाव दिले. अठरा वर्षे पूर्ण झाली म्हणून अशा मुलांना बालगृहातून बाहेर काढू नये, यासाठी कायदा व्हावा ही मागणी ते वर्षानुवर्षे करत आले. २०२४ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. अशा जागा मोजक्या आणि मागणी अफाट. शिरूर-दौंडमध्ये बहुतेक प्रौढ पुढेही भावाच्या घरीच राहणार, आणि सगळे करणारी असते ती भावजय. 'समर्थ'सारख्या तात्पुरत्या निवासाची सर्वाधिक गरज तिला आहे. तिच्या माहेरच्या लग्नाला जाण्यासाठी तिला चार दिवस मिळाले, तरी ते घर पुढची दहा वर्षे टिकते.

पालकत्व आणि जमीन. आईबाप हे अठरा वर्षांपर्यंतच नैसर्गिक पालक. त्यानंतर बँकेत खाते उघडायला, जमिनीच्या व्यवहाराला कायदेशीर पालक लागतो. राष्ट्रीय न्यास कायद्याखाली हा पालक जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील स्थानिक स्तर समिती नेमते. त्या समितीत नोंदणीकृत संस्थेचा एक प्रतिनिधी आणि एक दिव्यांग व्यक्ती असते. या कायद्यातल्या चार प्रकारच्या दिव्यांगत्वांसाठी न्यायालयात जावे लागत नाही, हे फार कमी घरांना माहीत आहे. १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्यानुसार शारीरिक वा बौद्धिक व्यंगामुळे कोणाचाही वारसाहक्क जात नाही. म्हणजे सातबाऱ्यावर त्याचे नाव भावंडांच्या बरोबरीने लागलेच पाहिजे. औद्योगिक पट्ट्यातल्या गावांत याच नावामुळे त्याला धोका निर्माण होतो. हक्कसोडपत्रावर अंगठा घ्यायला वेळ लागत नाही, आणि न समजता केलेला करार कायद्याने टिकत नसला तरी तो मोडून काढायला कोणीतरी उभे राहावे लागते.

त्यासाठीच्या तरतुदी राष्ट्रीय न्यास कायद्यात आहेत. नेमणूक झाल्यापासून सहा महिन्यांत पालकाने व्यक्तीच्या मालमत्तेची यादी समितीकडे द्यायची असते आणि दरवर्षी हिशेब सादर करायचा असतो. पालक हेळसांड करतो किंवा मालमत्तेचा गैरवापर करतो असे दिसले, तर आईवडील, नातेवाईक किंवा नोंदणीकृत संस्था त्याला काढण्यासाठी समितीकडे अर्ज करू शकतात. चौकशीनंतर, पालकाला आपली बाजू मांडण्याची संधी देऊन आणि कारणे लेखी नोंदवून, समिती दुसरा पालक नेमते.